हेरिंग निघून गेल्यानंतरचं गाव

सेंट अँड्र्यूज आलं की बस अर्धी रिकामी होते. गोल्फचं मैदान बघायला आलेले पाहुणे आणि विद्यापीठातली मुलं, सगळी तिथेच उतरतात. पुढे उरतात ती बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेतलेली गावातली माणसं, आणि क्वचित आमच्यासारखं कुणी. माझं तर मत आहे की स्कॉटलंडचा समुद्र बघायचा असेल तर इथे उतरूच नये, बसून राहावं. बार्लीच्या शेतांमधून रस्ता जातो, क्रेल येतं आणि मागे पडतं, आणि डावीकडे फोर्थच्या खाडीचं रुंद तोंड दिसायला लागतं. थोड्याच वेळात अ‍ॅन्स्ट्रदर.

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्याचा हा पूर्वेकडचा कोपरा ईस्ट न्यूक म्हणून ओळखला जातो. क्रेल, अ‍ॅन्स्ट्रदर, पिटनवीम, सेंट मोनन्स, ईली. एका बंदरातून निघावं आणि किनाऱ्याच्या पायवाटेने चालत दुसऱ्या बंदरात पोचावं, इतकी ही गावं जवळजवळ. पूर्वी रेल्वे होती, ती १९६५ साली बंद झाली. २०२४ मध्ये लेव्हनपर्यंत गाडी परत आली, तिथून पुढे अजून बसच. घरं दगडी, पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी भिंतींची, आणि छपरांवर लाल कौलं. समुद्रापलीकडच्या नेदरलँड्सशी या बंदरांचा शेकडो वर्षांचा व्यापार होता, त्या व्यापाराबरोबर ही कौलंही आली असं सांगतात. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्राकाठी लाल कौल दिसलं की जागा निम्मी ओळखीची होते.

माझं माहेर हर्णैचं. लेक डंडीला नोकरीला आहे, तिच्याकडे गेले होते. तिने किल्ल्यांची यादी करून ठेवली होती. म्हटलं, किल्ले आपल्याकडे आहेत, तू मला मासळीचं बंदर दाखव. "आई, तिथे आता मासळी नाही फारशी," ती म्हणाली. ते खरंच होतं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि बंदराच्या गाळात कलंडून बसलेल्या होड्यांमध्ये बहुतेक हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या होत्या. खेकडे आणि लॉबस्टर धरायचे पिंजरे मात्र धक्क्यावर रचून ठेवलेले होते. निळ्या-हिरव्या दोरांचे, आत वाळकं शेवाळ अडकलेले. खरी मासेमारी आता शेजारच्या पिटनवीमला चालते, तीही मुख्यतः खेकडे, लॉबस्टर आणि लांगुस्तीन कोळंबीची. त्यातला मोठा भाग थेट फ्रान्स-स्पेनच्या ताटात जातो.

एके काळी इथे हेरिंग होतं. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. चंदेरी, तेलकट, थव्याने फिरणारा, आणि पकडल्यावर लगेच काही केलं नाही तर नासणारा. या एका माशावर स्कॉटलंडचा सगळा पूर्व किनारा उभा राहिला. ती हकिगत सांगायला या गावाने १९६९ साली बंदरासमोरच्या जुन्या घरांमध्ये एक संग्रहालय उघडलं. स्कॉटिश फिशरीज म्युझियम. देशाच्या मासेमारीचं संग्रहालय राजधानीत न करता धक्क्यावर करावं हे मला फार योग्य वाटतं. ते चालवायला गावातले स्वयंसेवक आहेत. बाहेर बंदरात त्यांचं 'रीपर' नावाचं शिडाचं गलबत असतं. १९०२ साली बांधलेलं, हेरिंग पकडणारं. आत एका मोठ्या दालनात 'रिसर्च' नावाचं त्याहून मोठं जुनं गलबत अखंड ठेवलेलं आहे. त्याच्या खाली उभं राहून वर बघितलं की एवढी शिडं चढवणाऱ्या माणसांच्या खांद्यांचा विचार मनात येतो.

मी मात्र सर्वांत जास्त वेळ थांबले ते एका छोट्या सुरीपाशी. मुठीत मावेल एवढी, आखूड पात्याची. शेजारी कापडाच्या चिंध्या ठेवलेल्या होत्या, पिठाच्या पोत्याच्या कापडाच्या, बोटभर रुंद. ही हेरिंग साफ करणाऱ्या बायकांची हत्यारं.

हेरिंग किनाऱ्यावर आलं की ते लांबलचक लाकडी हौदात ओतायचे. हौदाभोवती बायका उभ्या. तिघींची एक टोळी: दोघी मासा साफ करणाऱ्या, तिसरी पिंपात भरणारी. सुरी गळ्यापाशी घालायची, एक हिसका द्यायचा, कल्ले आणि आतडी बाहेर. त्याच हालचालीत मासा आकारमानाप्रमाणे मागच्या वेगवेगळ्या टोपल्यांत पडायचा, वळून न बघता. सराईत बाई मिनिटाला साठ मासे करायची, असं तिथे सांगितलं जातं. मी घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत हात नुसताच हवेत हलवून पाहिला, तेवढ्यानेही मनगट भरून आलं. तिसरी बाई पिंपात वाकून थर लावायची: एक थर मासे, एक थर मीठ, पुढचा थर आडवा. तळाचे थर लावताना तिचं निम्मं अंग पिंपात असायचं. म्हणून उंच मुलीला हे काम देत.

सुरीचा हात चुकला की बोट कापायचं, आणि कापलेल्या बोटात मीठ जायचं. त्यासाठी त्या चिंध्या. पहाटे उजेड व्हायच्या आत प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं, दोऱ्याने गाठ मारायची, गाठ दातांनी ओढायची. तरी खारं पाणी आत शिरायचंच. हातांना भोकं पडायची, ती हंगाम संपेपर्यंत भरायची नाहीत. या बायका ज्या बंदरांवर जात तिथे चर्चची माणसं मलमपट्टीची केंद्रं चालवत.

दालनात बसलेल्या एक वयस्कर बाई स्वयंसेविका होत्या. मी बराच वेळ तिथेच उभी आहे हे बघून त्या उठून आल्या. त्यांची आजी या कामाला जायची. "आजीचे हात मला आठवतात," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही, पण विणकाम बघायला नको. त्यांच्या हातांना रिकामं बसणं माहीतच नव्हतं." हे जुन्या छायाचित्रांत दिसतंच. कामावरून परतणाऱ्या मुली, अंगावर मेणकापडाचे घोळदार एप्रन, आणि चालता चालता हातात विणायच्या सुया. एकीचं लक्षही सुयांकडे नाही, सगळ्या कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत.

हेरिंगचे थवे उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तरेला शेटलंडपाशी मिळायचे, आणि शरदात पार खाली इंग्लंडच्या यार्मथ आणि लोस्टॉफ्टपाशी. होड्या थव्यांमागे खाली सरकत. या मुली जमिनीवरून आगगाडीने त्यांच्या मागोमाग जात. प्रत्येकीची एक लाकडी पेटी. पेटीत चांगले कपडे, चादरी, लोकर. हंगामापूर्वी व्यापारी हातावर थोडी उचल ठेवत, ती घेतली की मुलगी बांधली गेली. मजुरी पिंपावर, तिघींत वाटून. यात भाबडं सौंदर्य शोधायला मला आवडत नाही. कष्ट होते, दुखणी होती, भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने झोपणं होतं. पण घराबाहेर पडणं होतं, स्वतःच्या हातात आलेला पैसा होता, आणि वेळ आली तेव्हा १९३६ साली यार्मथला मजुरी वाढवून घेण्यासाठी सुऱ्या खाली ठेवणंही होतं. संग्रहालयाने या बायकांना कोपरा दिलेला नाही, मधली जागा दिली आहे.

१९०७ साली स्कॉटलंडमधून पंचवीस लाख पिंपं खारवलेलं हेरिंग बाहेर गेलं. गिऱ्हाईक जर्मनी, रशिया, बाल्टिकच्या काठचे देश. मग १९१४ चं युद्ध आलं, पाठोपाठ रशियात क्रांती झाली आणि बाजार कोसळला. या खाडीत हिवाळ्यात येणारं हेरिंग तर १९४० च्या दशकाच्या अखेरीस येईनासंच झालं. पुढे यांत्रिक बोटींनी उत्तर समुद्र असा उपसला, की १९७७ साली हेरिंगची मासेमारी सरकारांना सरळ बंद करावी लागली. ती काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली आणि मासा सावरलाही. अ‍ॅन्स्ट्रदरचा धक्का मात्र पुन्हा भरला नाही. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी लिलावाच्या वेळी उभं राहिलं की आता जुनी माणसं एकच वाक्य बोलतात, "पूर्वीसारखा मासा नाही." ते वाक्य मनात घेऊनच मी संग्रहालयातल्या तक्त्यांवरचे हे आकडे वाचत होते. पर्ससीन, म्हणजे थवाच्या थवा घेरणारी जाळी, आणि एलईडी दिव्यांच्या बोटी यांवरून आपल्याकडे जी भांडणं चालू आहेत, ती बघता कोकणातल्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या माणसांनी हे दालन एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं.

संग्रहालयात एक खोली समुद्रात गेलेल्यांची आहे. भिंतींवर पितळेच्या लहान पट्ट्या, प्रत्येकीवर माणसाचं नाव आणि बोटीचं. काही बोटींची नावं अशी लागोपाठ येतात, आणि खालची आडनावं तीच, की बाप आणि मुलगे एकाच वेळी गेले हे कुणी सांगावं लागत नाही. त्या खोलीत मी लेकीशी बोलले नाही.

बाहेर पडल्यावर गाव पायी फिरलो. ड्रील नावाचा ओढा इथे समुद्राला मिळतो. पाचवा जेम्स राजा वेश बदलून फिरत असताना या ओढ्यापाशी अडला, आणि एका भिकारणीने त्याला पाठुंगळीला घेऊन पलीकडे नेलं, त्याने तिला आपली थैली दिली, अशी दंतकथा आहे. राजाचं खरंखोटं कोण जाणे, पण बाईने पुरुषाला पाठीवर घेणं इथे नवलाचं नव्हतं. वर ईशान्येच्या किनाऱ्यावर जिथे धक्के नव्हते तिथे बायका लुगडं खोचावं तसा घागरा खोचून पाण्यात उतरत आणि नवऱ्यांना पाठीवरून होडीपर्यंत नेत. का, तर रात्रभर ओल्या पायांनी त्यांनी समुद्रात बसू नये म्हणून.

याच गावात १७८० साली थॉमस चामर्स जन्मले, आणि त्यांच्यामुळे अ‍ॅन्स्ट्रदरचा एक धागा थेट गिरगाव चौपाटीपर्यंत येतो. चामर्स धर्मोपदेशक. गावच्या चर्चमध्ये पाद्री कोण असावा हे तिथल्या जमीनदाराने ठरवायचं, अशी स्कॉटलंडमध्ये तेव्हा रीत होती. १८४३ च्या मे महिन्यात एडिंबरोच्या धर्मसभेतून या प्रश्नावर शेकडो पाद्री उठून बाहेर पडले. पगार, घर, चर्च, सगळ्यावर पाणी सोडून. त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं आणि चामर्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. भारतात काम करणारे स्कॉटिश मिशनरी त्यांच्या बाजूने गेले. त्यांत मुंबईचे डॉक्टर जॉन विल्सन होते, ज्यांनी १८३२ साली शाळा काढली आणि जिचं पुढे विल्सन कॉलेज झालं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचा निबंध जोडणारे विल्सन तेच. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या होत्या. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉपही १८४४ साली याच नव्या चर्चकडून भारतात आले.

मी विल्सनची विद्यार्थिनी. चौपाटीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या दगडी इमारतीत मी माझी तरुण वर्षं घालवली, खिडकीतून समुद्र बघत अर्थशास्त्राची टिपणं काढली. हर्णैच्या मुलीला मुंबईत पाय रोवायला जागा दिली ती त्या कॉलेजने. धर्मप्रसार हा या लोकांचा उघड हेतू होता, आणि त्यावरून आपल्याकडे जे वाद झाले ते व्हायलाच हवे होते, असं मी मानते. पण जमीनदाराचं न ऐकण्यासाठी घर सोडणाऱ्या माणसाचं गाव बघताना मला त्या गावाविषयी आपलेपणा वाटला, आणि तो मला लपवावासा वाटत नाही.

गावाला लागूनच सेलरडाइक आहे. पायी काही मिनिटांत आपण त्यात शिरतो आणि कधी शिरलो ते कळत नाही. एकच अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना मच्छीमारांची जुनी घरं, आणि टोकाला चिमुकलं बंदर. त्या बंदराच्या धक्क्यावर कपडे वाळत घालायच्या काठ्या आणि दोऱ्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा चादरी फडफडत होत्या, मुलांचे मोजे होते, एक निळा डांगरी होता. पर्यटकांनी फोटो काढावेत म्हणून कुणी ते लावलेले नव्हते, वारा चांगला लागतो म्हणून लावले होते. ते बघून मला फार बरं वाटलं, कारण त्याच रस्त्यावर बऱ्याच दारांशेजारी आकडे जुळवून उघडायच्या लहान किल्लीपेट्या दिसल्या होत्या. त्या घरात कुणी राहत नाही. सुट्टीत पाहुणे येतात, किंवा दूरच्या शहरातले मालक वर्षातून काही आठवडे. स्वयंसेविका बाई म्हणाल्या होत्या की हिवाळ्यात संध्याकाळी चालत गेलं तर किती खिडक्यांत दिवा नाही हे दिसतं, आणि नातवाला गावात परवडेल असं घर मिळत नाही. स्कॉटलंडने पर्यटकांना घरं देण्यासाठी परवाना सक्तीचा केला आहे, आणि दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावायची मुभा २०२४ पासून नगरपालिकांना मिळाली. दापोली-मुरुडच्या बाजूला ज्या वेगाने बंगल्यांचे प्लॉट पडताहेत ते बघता, आपल्याला हा विचार आज ना उद्या करावा लागणार.

पोटपूजा धक्क्यावरच झाली. हॅडॉक माशाचा जाडजूड तुकडा पिठात बुडवून तळलेला, बटाट्याच्या कापांबरोबर, कागदी खोक्यात. मीठ-व्हिनेगर सोडून मसाला शून्य, आणि तरी उत्तम. मासा ताजा असला की त्याला फार काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मे बेटावर जायचं होतं. सकाळी खाडीवर 'हार' उतरलं होतं, या किनाऱ्याचं थंड समुद्री धुकं. बोट सुटेल की नाही अशी शंका होती. दहाच्या सुमाराला ते विरलं. बेट किनाऱ्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर. तिथे १६३६ साली स्कॉटलंडचं पहिलं दीपगृह उभं राहिलं, वर उघड्यावर दगडी कोळसा जाळणारं. त्या बुरुजाचा खालचा भाग अजून आहे. १७९१ च्या हिवाळ्यात निखाऱ्यांच्या धुराने गुदमरून राखणदार, त्याची बायको आणि पाच मुलं गेली, एक तान्ही मुलगी तेवढी वाचली. जहाजांना वाट दाखवणाऱ्या उजेडाची ही किंमत वाचल्यावर शेजारच्या १८१६ च्या देखण्या स्टीव्हन्सन दीपगृहाकडे माझं नीट लक्षही गेलं नाही. याच स्टीव्हन्सन घराण्यातला रॉबर्ट लुई, पुढे लेखक झालेला, १८६८ साली सतरा वर्षांचा असताना अ‍ॅन्स्ट्रदरच्या बंदराच्या बांधकामावर घरच्या धंद्याचं काम शिकायला आला होता.

बेट मात्र पफिन नावाच्या समुद्रपक्ष्यांचं. काळी पाठ, पांढरं पोट, लाल-केशरी चोच. एप्रिलमध्ये ते येतात, बिळात एकच अंडं घालतात आणि जुलै सरता सरता पुन्हा खुल्या समुद्रावर निघून जातात. आमच्या पायवाटेपासून हातभर अंतरावर एक पफिन उतरला. चोचीत सँडईल नावाचे बारीक मासे आडवे, एकाशेजारी एक, डोकी-शेपट्या दोन्हीकडे लोंबत. तो थांबला, आम्हाला बघितलं, आणि भर्रकन बिळात शिरला. वर घिरट्या घालणारे गल पक्षी चोचीतला घास पळवायला टपलेले होते, म्हणून ती घाई. या सँडईलची मासेमारी स्कॉटलंडने आपल्या समुद्रात २०२४ साली पूर्ण बंद केली, पक्ष्यांना आणि इतर माशांना खायला उरावं म्हणून. हेरिंगच्या बाबतीत जे वेळेवर सुचलं नाही ते इथे सुचलं, याचं मला समाधान वाटलं.

त्या संध्याकाळी, म्हणजे साडेसात-आठला, ऊन अजून लख्ख होतं आणि धक्क्यावर गडबड सुरू होती. एक लांब, निमुळती, झकास रंगवलेली लाकडी होडी चाकांच्या गाड्यावरून उतरणीने पाण्यात सोडत होते. ती सेंट एल्स स्किफ. चार वल्हेकरी, एक सुकाणूवाला. २००९ साली या संग्रहालयाच्या पुढाकाराने आयन ऑट्रेड यांनी तिचा आराखडा केला, असा की प्लायवुडचे कापलेले भाग आणून गावातल्या लोकांनीच ती जोडावी. किनाऱ्यावरच्या गावागावांनी त्या बांधल्या, मग दुसऱ्या देशांतही गेल्या, २०१३ साली अलापूलला जागतिक शर्यती भरल्या. चार वल्ह्यांवर त्या दिवशी बायकाच होत्या. एक जण माझ्याच वयाची, साठीच्या पुढची.

परत आल्यावर तिने विचारलं, तुमच्याकडे बायका बोटीवर जातात का? सांगितलं, समुद्रावर सहसा नाही, पण मासा किनाऱ्याला लागला की पुढचा बराचसा व्यवहार बायकांच्या हाती. लिलावात उभ्या राहतात, भाव पाडून घेतात, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठतात. फोनमध्ये भाच्याने पाठवलेला हर्णैचा व्हिडिओ होता. ओल्या वाळूवर बांगड्यांचे आणि सुरमईचे ढीग, बैलगाड्या, आरडाओरडा, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून एका दलालाला सुनावणारी आमची शेजारीण सुलूकाकी. त्या सगळ्या भोवती जमल्या. ती काय म्हणतेय, हे सांगा म्हणाल्या. मी जमेल तसं सांगितलं, शिव्या गाळून. वल्ही अजून हातात होती, पाणी निथळत होतं, आणि त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला लावला. मग होडी वर ओढायची वेळ झाली आणि माणूस कमी पडत होतं, तेव्हा लेकीने आणि मीही मागून खांदा लावला.